धूर नाही, असं कोण लिहून ठेवतं? बॅरन बेटाच्या उद्रेकांचा हिशेब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. अडखळणं, चहाचे घोट आणि खालच्या गल्लीतला भंगारवाला तेवढा कापलाय. बाकी जसं बोलले तसंच आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. दख्खनच्या काळ्या कातळावरचा भाग आठवतोय? त्याच्या शेवटी बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेले होते की, भारतात आज एकच जागता ज्वालामुखी आहे, अंदमानातलं बॅरन बेट, आणि "तो १८३२ पासून १९९१ पर्यंत, म्हणजे तब्बल १५९ वर्षं गाढ झोपला होता." वाक्य छान जमलं होतं. म्हणजे मला तसं वाटलं होतं. दोन दिवसांनी एका ऐकणाऱ्या मुलीचा आवाजी मेसेज आला. पूर्ण अकरा सेकंदांचा. "ताई, १५९ वर्षं झोपला होता हे कुणी पाहिलं? तिथं तर माणूसच राहत नाही ना?"

मी तो मेसेज तीनदा ऐकला. उत्तर द्यायला बसले आणि लक्षात आलं, मला माहीतच नाही. मी ते वाक्य कुठूनतरी उचललं होतं, ज्यांनी लिहिलं त्यांनीही आधीच्या कुणाकडून उचललं असणार. मग गेला दीड महिना मी याच एका प्रश्नामागे होते. जिथं माणूस राहत नाही अशा बेटावर काय काय घडलं, हे कसं काढायचं? आणि त्याहून अवघड म्हणजे, तिथं काही *घडलं नाही* हे कसं काढायचं?

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, तिथून ईशान्येला साधारण १३५-१४० किलोमीटर समुद्रात. बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद. वरून पाहिलं तर एक मोठी गोल भिंत दिसते आणि ती पश्चिमेकडे फुटलेली. भिंतीच्या आत काळी राख, काळा लाव्हा, आणि मधोमध एक शंकू. म्हणजे परातीत वाळूचा ढीग ठेवावा आणि परातीचा एक काठ वाकवून टाकावा, तसं. ही परात म्हणजे फार जुन्या, प्रचंड स्फोटात उडालेल्या आणि खचलेल्या मूळ डोंगराचा उरलेला काठ. त्याची उंची समुद्रापासून साडेतीनशे मीटर. पण हे फक्त टोक. डोंगराचा पायथा समुद्रतळाशी, सव्वादोन किलोमीटर खोल. म्हणजे आपल्याला दिसतो तो डोंगराचा जेमतेम सातवा हिस्सा.

का आहे तिथं? भारताची भूपट्टी त्या बाजूला पूर्वेकडच्या पट्टीखाली सरकतेय. खाली गेलेल्या पट्टीतलं पाणी वरच्या तापलेल्या खडकात मुरतं, खडक वितळायला मदत होते, शिलारस वर येतो. सुमात्रापासून म्यानमारपर्यंत अशी ज्वालामुखींची रांग आहे, आणि अंदमानातून जाणाऱ्या तिच्या या भागात माणसाच्या नोंदीत पेटलेला हा एकच. शेजारी उत्तरेला नारकोंडम आहे, पण तो शांत. आता गंमत अशी, की 'नारकोंडम' हे नाव 'नरककुंड' यावरून आलं असावं असं म्हणतात, आणि ज्या बेटावर आग दिसत नाही त्याला नरककुंड का म्हणावं? म्हणून एक तर्क असाही आहे की हे नाव मुळात बॅरनचं, नकाशे काढताना कुणीतरी शेजाऱ्याला चिकटवलं. खरं असेल तर नोंदींमधली पहिली गडबड नावापासूनच आहे.

तर, साक्षीदार नंबर एक. कागद.

मे १७८७. कोलब्रुक नावाचा एक लेफ्टनंट, जो पुढे बंगालचा सर्व्हेअर जनरल झाला, जहाजावरून जाताना या बेटातून धुराचा खांब वर जाताना पाहतो. दोन वर्षांनी, मार्च १७८९ मध्ये, आर्चिबाल्ड ब्लेअर तिथं पोचतो. हो, ज्याच्या नावाचं पोर्ट ब्लेअर, तोच. तो कंपनी सरकारसाठी अंदमानची पाहणी करत होता. त्यानं बेटावर उतरून जे पाहिलं ते कोलब्रुकनं नंतर कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये छापलं. धुराचे अवाढव्य लोट, मधूनमधून लालबुंद दगडांचा वर्षाव, आणि त्यातले काही दगड तीन-चार टनांचे, शंकूच्या पायथ्यापासूनही शेकडो यार्ड लांब फेकलेले.

ब्लेअर नुसता बघ्या नव्हता, मोजणारा माणूस होता. त्यानं शंकूचा उतार मोजला, ३२ अंश १७ कला. आणि उंची दिली, जवळजवळ १८०० फूट. आणि वर हेही सांगितलं की बेटाचा बाकीचा भागही साधारण तेवढाच उंच आहे.

इथं मी अडकले. कारण शंभर वर्षांनी, १८८४ साली, कॅप्टन हॉबडे आणि भूगर्भशास्त्र विभागाचे मॅलेट यांनी बेटाची रीतसर मोजणी केली तेव्हा शंकू निघाला साधारण हजार फुटांचा. मग आठशे फूट गेले कुठं? स्फोटात उडाले? तसं असेल तर ती केवढी मोठी घटना! १७८९ ते १८८४ च्या मध्ये एक अख्खा उद्रेक आपल्या नोंदीतून निसटला असं म्हणावं लागेल.

पण थांबा. ब्लेअर म्हणतो शंकू आणि भोवतालची भिंत सारख्याच उंचीचे. भिंत आजही उभी आहे, आणि ती साडेअकराशे फुटांच्या आसपास आहे. जुन्या टणक खडकाची ती भिंत शंभर वर्षांत साडेसहाशे फूट झिजणं शक्य नाही. म्हणजे चूक आकड्यात आहे, डोंगरात नाही. मग मी सहज एक गणित केलं. दहावीचं त्रिकोणमितीचं पुस्तक आठवा. १८०० फूट ही सरळ उंची नसून *उताराची लांबी* असेल तर? ३२ अंशांची साइन ०.५३. अठराशेला त्यानं गुणलं की येतात साधारण साडेनऊशे फूट. जवळपास हजार! ब्लेअरची वही माझ्यासमोर नाही, त्यामुळे हे सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, आणि हे गणित माझ्या आधीही कुणी केलं असेलच. पण एवढं नक्की, की त्या एका आकड्यावरून मोठा स्फोट 'शोधणं' चुकीचं ठरलं असतं. मला दहावीत गणितात किती मार्क होते ते विचारू नका.

ब्लेअरची आणखी एक ओळ याहून जास्त कामाची आहे. शंकूचा पायथा हा बेटाचा सगळ्यात सखल भाग, समुद्रापेक्षा जेमतेम वर, असं तो सांगतो. नंतर एकोणिसाव्या शतकात जे लोक गेले, त्यांना बेटाच्या पश्चिमेच्या फटीत, जिथं होडी लागते तिथं, लाव्हाच्या थराची टोकदार काळी भिंत दिसली आणि तिच्या खालून गरम पाण्याचा झरा समुद्रात वाहत होता. ब्लेअरनं दगड मोजले, कोन मोजला. एवढा मोठा लाव्हा समोर असता तर तो त्याबद्दल गप्प बसला असता का? म्हणून तो लाव्हा बहुधा ब्लेअर गेल्यानंतर वाहिला असावा. कधी? त्या वेळी पाहणारं कुणीच नव्हतं.

का नव्हतं, ते बघा. इंग्रजांनी अंदमानात पहिली वसाहत केली १७८९ साली. रोगराईनं माणसं मरायला लागली म्हणून १७९६ मध्ये गाशा गुंडाळला. परत आले थेट १८५८ मध्ये, सत्तावनच्या कैद्यांना घेऊन. मराठी माणसाला अंदमान म्हटलं की सेल्युलर जेलच आठवतो, पण ती गोष्ट त्यानंतरची. आता बॅरनच्या जुन्या नोंदी या तारखांशेजारी ठेवा. १७८७, १७८९, आणि १७९० च्या दशकातल्या एक-दोन. म्हणजे ज्वालामुखीच्या उद्रेकांचा आलेख म्हणून आपण जे पाहतोय तो खरं तर कंपनीच्या जहाजांचा आलेख आहे! १७८७ हा 'पहिला ज्ञात उद्रेक' असं सगळीकडे छापलेलं असतं. तो पहिला उद्रेक नव्हे, दौत-टाक घेतलेला पहिला माणूस तिथून गेला ते वर्ष आहे.

अंदमानचे मूळ रहिवासी त्याच्या हजारो वर्षं आधीपासून तिथं होते. पूर्व किनाऱ्यावरून त्यांनी तो धूर पाहिला नसेल, हे मला तरी पटत नाही. पण ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी विचारलं नाही, आणि १८५८ नंतरच्या काही दशकांत आजार आणि वसाहत यांनी ती माणसंच हजारोंवरून मूठभरांवर आणली. सांगणारेच गेले तर आठवण कुणाकडे राहणार? या भागात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच आहे.

मधली एक नोंद मात्र माझी लाडकी. नोव्हेंबर १८०३, जेम्स हॉर्सबर्ग. या माणसाची गोष्ट ऐका. १७८६ साली तो 'ॲटलस' नावाच्या जहाजावर होता. नकाशा चुकीचा होता म्हणून ते जहाज दिएगो गार्सिया बेटावर आपटलं आणि फुटलं. त्या दिवसापासून या माणसानं जणू शपथ घेतली. जिथं जाईल तिथं खडक, वारे, प्रवाह, खोली, दिसेल ते लिहून ठेवायचं. पुढे त्याचे समुद्रमार्गांचे ग्रंथ हिंदी महासागरातल्या प्रत्येक कप्तानाच्या टेबलावर असायचे. असा माणूस बॅरनजवळून गेला आणि त्यानं लिहिलं: बरोबर दर दहा मिनिटांनी एक स्फोट होतो, काळ्या धुराचा खांब सरळ वर जातो, आणि रात्री मुखाच्या पूर्वेला मोठी आग जळताना दिसते. 'धूर दिसला' इतकंच लिहून तो थांबला नाही, त्यानं घड्याळ लावलं. हे 'दर दहा मिनिटांनी' लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता माझा मामा. तो रत्नागिरीचा, आयुष्य मर्चंट नेव्हीत गेलं, आता घरी आंब्याची कलमं बघतो. त्याला फोन केला. म्हटलं, "मामा, जहाजाच्या लॉगबुकात ज्वालामुखीची नोंद करतात का रे?"

"दिसला तर करतो की. धूर कुठं, किती वाजता, कुठल्या दिशेला."

"आणि नाही दिसला तर?"

"अगं, नाही दिसला तर काय लिहिणार? 'आज धूर नाही' असं कोण लिहून ठेवतं? मी शंभर वेळा गेलो असेन त्या बाजूनं. एकदाही लिहिलं नाही की आज ज्वालामुखी गप्प होता."

झालं. मामानं माझा अख्खा प्रश्न दोन वाक्यांत मांडून दिला. कागद 'आहे' सांगतो. 'नाही' सांगत नाही. नोंद नसलेलं वर्ष म्हणजे शांत वर्ष असेल, किंवा नुसतंच रिकामं पान असेल.

आणि पोर्ट ब्लेअरला माणसं होती ना, त्यांना दिसलं असतं, असं मला वाटत होतं. तेही तपासलं. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे लांबच्या वस्तू क्षितिजाखाली जातात. एखादी वस्तू किती लांबून दिसेल याचं सोपं सूत्र आहे: उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, ३.५७ नं गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. बॅरनची साडेतीनशे मीटरची भिंत समुद्रकाठावरून सत्तर किलोमीटरच्या आत असाल तरच दिसेल. १३८ किलोमीटरवरून दिसायला धूर दीड किलोमीटर उंच जायला हवा, तेव्हा कुठं त्याचं टोक क्षितिजाला शिवेल. एखाद्या टेकडीवर चढलात तर थोडं बरं. म्हणजे छोटे छोटे उद्रेक वसाहतीतल्या माणसांच्या नजरेत येणं कठीणच. त्यात पावसाळा, त्यात धुकट हवा.

मग १५९ वर्षांची झोप सगळी थापच? नाही, असंही नाही. इथं मला तुकडे पाडावे लागले.

१८०४ ते १८५७ हा काळ सगळ्यात कच्चा. १८३२ साली छापलेलं एक वर्णन आहे, त्यात पांढऱ्या धुराचे लोट आहेत. तो उद्रेक होता की नुसती वाफ, यावर आजही एकमत नाही. वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेत जगभरच्या ज्वालामुखींची यादी ठेवतात. त्यातही जुन्या काही नोंदींपुढे प्रश्नचिन्ह असतं. मला ते प्रश्नचिन्ह फार प्रामाणिक वाटतं. माझ्या त्या वाक्यात ते नव्हतं. मग तो लाव्हा वाहिला असेल तर ब्लेअर गेल्यानंतर आणि १८५७ च्या आधी कधीतरी.

१८५७ नंतर मात्र चित्र बदलतं. दर काही वर्षांनी कुणी ना कुणी बेटावर उतरतंय. समिती येते, डॉक्टर येतात, १८७३ मध्ये भूगर्भशास्त्र विभागाचे व्हॅलेंटाइन बॉल, १८८४ मध्ये हॉबडे आणि मॅलेट. आणि हे लोक नकळत 'आज धूर नाही' असं लिहून ठेवतायत! कसं? त्या गरम झऱ्यामुळे. उतरलं की आधी त्या पाण्यात थर्मामीटर बुडवायचा, हा जणू रिवाजच झाला होता. आणि शतकाच्या उत्तरार्धात ते पाणी एकंदरीत थंड होत गेलेलं दिसतं. नवा लाव्हा आला असता तर पाणी परत तापलं असतं. कुणाच्या डोक्यात नसताना त्यांनी डोंगराचा ताप उतरतानाचा तक्ता बनवून ठेवला.

आणि १८८४ चा नकाशा. तो माझ्या लेखी या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा कागद. कारण १९९१ मध्ये नवा लाव्हा वाहिला तेव्हा तो एकोणिसाव्या शतकातल्या त्याच जुन्या लाव्हावर पसरला. मध्ये तिसरा मोठा थर नाही. म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी आज असं देईन: १८८४ ते १९९१ मध्ये मोठा लाव्हा वाहिला नाही, हे बऱ्याच खात्रीनं सांगता येतं. एखाद्या पावसाळी रात्री डोंगर खोकला, थोडी राख उडवली आणि गप्प झाला, असं कधीच झालं नाही, हे सांगता येत नाही. 'गाढ झोपला होता' हे माझं वाक्य मागे घेते.

कागदाच्या मागे कसं जायचं? साक्षीदार नंबर दोन, चिखल.

बेटावरच शोधायचं म्हटलं तर एक अडचण आहे. ज्वालामुखी स्वतःचाच पुरावा गाडतो. नवा थर जुन्यावर बसतो, शंकू खचतो, परत वाढतो, समुद्र कडा कुरतडतो. आतल्या भिंतीत थर उघडे पडलेत ते वाचता येतात. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे ज्योतिरंजन रे यांच्या चमूनं २००० च्या दशकात तिथं जाऊन ते काम केलं. आपल्याकडे सह्याद्रीच्या घाटात काळ्या दगडाचे थर एकावर एक दिसतात ना, तसंच वाचन. दगडही त्याच जातीचा, बेसाल्ट. फरक एवढाच की आपला साडेसहा कोटी वर्षं थंड पडलाय आणि इथला थर कधी कधी ते शास्त्रज्ञ विद्यार्थी असतानाचा असतो.

पण समुद्रतळाशी कुणी थर विस्कटत नाही. किंवा फार कमी विस्कटतं. वरून सतत बारीक गाळ पडत असतो. मोठा उद्रेक झाला की वाऱ्यानं आलेली राख त्या गाळात एक काळी रेघ आखून जाते, मग परत गाळ. 'सागर कन्या' या आपल्या संशोधन जहाजानं बॅरनच्या आग्नेयेला तीसेक किलोमीटरवर समुद्रतळात लांब नळी खुपसली आणि गाळाचा उभा कांब बाहेर काढला. आईस्क्रीमच्या विटेत स्ट्रॉ खुपसून बाहेर काढावी तसा. त्या कांबात मागच्या ७२,००० वर्षांचा गाळ होता आणि त्यात राखेचे सात वेगळे थर.

वय कसं कळलं? गाळात फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जिवांचे कवच असतात. राखेच्या वरचे-खालचे कवच घ्यायचे, त्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायचं. पण कार्बनची पोच पन्नासेक हजार वर्षांपर्यंतच, त्यापलीकडे दुसऱ्या युक्त्या लागतात. आणि राख बॅरनचीच कशावरून? सुमात्राही फार लांब नाही. त्यासाठी स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियम या मूलद्रव्यांच्या प्रकारांचं प्रमाण बघतात. प्रत्येक ज्वालामुखीचा तो अंगठ्याचा ठसा. राख किती लांब जाते याचा अंदाज हवा असेल तर पुणे जिल्ह्यात या. कुकडी नदीकाठी बोरी गावाजवळ ज्वालामुखीची राख सापडलीय. ती सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीची मानतात, पण टोबाच्या कुठल्या उद्रेकाची आणि किती जुनी, यावर अभ्यासकांची जोरदार भांडणं झालीत. ठसा जुळवणं सोपं काम नाही.

आता ७२,००० वर्षांत सात थर म्हणजे सातच उद्रेक का? अजिबात नाही. तीस किलोमीटरवर जाड रेघ उमटवायला फार मोठा दणका लागतो, आणि वारा त्या दिशेचा असावा लागतो. हॉर्सबर्गनं पाहिलेली दर दहा मिनिटांची भकभक या वहीत उमटतच नाही. म्हणजे कागदाला लहान उद्रेक दिसतात पण फक्त दोनशे वर्षांतले, आणि चिखलाला ७२,००० वर्षांपर्यंतचं दिसतं पण फक्त मोठं. दोन्ही वह्यांच्या मध्ये हजारो वर्षांची मोठी पोकळी आहे. त्यात बॅरन काय करत होता? शेकडो छोटे उद्रेक बसतील त्यात.

साक्षीदार नंबर तीन तुमच्या खिशातल्या फोनचा सख्खा भाऊ. उपग्रह.

मार्च १९९१ च्या अखेरीस डोंगर जागा झाला आणि सहा-सात महिने पेटत राहिला. लाव्हा समुद्रात पोचला. दोन वर्षांनी, एप्रिल १९९३ मध्ये, पाहणीला गेलेल्यांना बेटावरच्या ज्ञात १६ जातींच्या पक्ष्यांपैकी फक्त ६ दिसल्या. मग १९९४-९५. मग २६ डिसेंबर २००४ चा तो सुमात्राचा महाभूकंप आणि त्सुनामी, आणि पाचच महिन्यांनी, २८ मे २००५ ला बॅरन परत सुरू. भूकंपानं हलवून जागं केलं का? वेळ बघून तसं वाटतंच. पण दहा वर्षांपूर्वी कुठल्याही महाभूकंपाशिवाय तो जागा झालाच होता, म्हणून मी इथं थोडी सावध आहे. बेटावरचं दीपगृहही त्या काळातल्या उद्रेकांत गेलं. बकऱ्या मात्र टिकल्या! हो, बेटावर रानटी बकऱ्या आहेत, एकोणिसाव्या शतकात कुणीतरी सोडलेल्यांच्या वंशातल्या. त्या काय पितात, काय खातात, हा एक वेगळा भाग होईल.

२००५ नंतर यादी भराभर वाढते. २००८, २०१०, पुढे जवळजवळ दर एक-दोन वर्षांनी काहीतरी. अगदी सप्टेंबर २०२५ मध्येही छोटे उद्रेक झाले. आता तुम्ही मला पकडणार. "ताई, डोंगर जास्त पेटतोय की आपण जास्त बघतोय?" शाब्बास, हाच प्रश्न. 'मोडिस' नावाची उपकरणं २००० पासून दिवसातून अनेकदा पृथ्वीवरची गरम ठिकाणं टिपतात, विमानांना राखेचा इशारा देणारं केंद्र ऑस्ट्रेलियात डार्विनला बसून या भागावर नजर ठेवतं. हॉर्सबर्गच्या काळात जे सुटलं असतं ते आज सुटत नाही. तरी ढग असले की उपग्रहही आंधळा, आणि अंदमानात ढगांची काय कमी! माझं मत विचाराल तर २००५ नंतर डोंगर खरंच जास्त काळ जागा आहे, कारण नवे लाव्हाचे थर जमिनीवर आहेत, ते काही उपग्रहानं निर्माण केलेले नाहीत. पण 'पूर्वीपेक्षा दहापट' वगैरे मथळे दिसले तर मामाचं वाक्य आठवा. पूर्वीचं पान कोरं होतं, शून्य नव्हतं.

यात नुसती हौस नाही. विमानं तिथून जातात, राख इंजिनात गेली तर काय होतं हे सांगायला नको. समुद्रातला असा उभा डोंगर बाजूनं ढासळला तर लाट उठते. इंडोनेशियात डिसेंबर २०१८ मध्ये अनाक क्राकाताऊची कड समुद्रात गेली, चारशेहून अधिक माणसं गेली. बॅरनचं तसं होईल असं मी म्हणत नाहीये. पण किती वर्षांनी मोठा दणका येतो हे सांगायला मागचा हिशेब लागतो, आणि मागचा हिशेब हा असा फाटका आहे.

शेवटची नोंद सांगते आणि थांबते. २३ जानेवारी २०१७. गोव्याच्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं पथक, डॉ. अभय मुधोळकर प्रमुख, 'सिंधु संकल्प' जहाजावरून बॅरनजवळ समुद्रतळाचे नमुने काढत होतं. म्हणजे तोच चिखल. आणि दुपारी अचानक समोरच्या डोंगरानं राख फेकायला सुरुवात केली. जहाज मैलभर अंतरावर थांबवून त्यांनी नीट पाहिलं. पाच-दहा मिनिटांच्या छोट्या छोट्या झटक्यांत उद्रेक होत होता. दिवसा फक्त राखेचे ढग दिसत होते. सूर्य मावळला तेव्हा कळलं की मुखातून लाल लाव्हाची कारंजी उडतायत.

हॉर्सबर्ग, १८०३: दिवसा काळा धूर, रात्री आग, दर दहा मिनिटांनी. मध्ये २१३ वर्षं. मी दोन्ही नोंदी मामाला फोनवर वाचून दाखवल्या. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आम्ही एकदा रात्री तिकडून गेलो होतो गं, नव्वदच्या दशकात. लांब काहीतरी लाल दिसलं होतं. मासेमारीचा दिवा असेल म्हणून सोडून दिलं."

"लिहिलं होतंस?"

"नाही ना."